आधी बोटां मोज

ती मालिका पहिल्यांदा बघितली तेव्हा कोण काय बोलतंय ते कळायच्या आधी मी बोटं मोजली. चार. बापाच्या हाताला चार, मुलाच्या हाताला चार. शेजारी, दारूच्या दुकानाचा मालक, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांना चारच. मुंबईहून गणपतीला आलेल्या आतेभावाने हार्ड डिस्क भरून 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका आणली होती आणि रात्री पडवीत लॅपटॉप लावला होता. पाऊस कौलांवर असा कोसळत होता की संवाद ऐकू येत नव्हते. म्हणून मी नुसती बघत होते.

"ह्यांना एक बोट कमी आहे," मी म्हटलं.

"कार्टूनमध्ये असतातच चार," तो म्हणाला आणि पुढे बघू लागला. मी मात्र तिथेच अडकले. चूक एकाच्या हातात असेल तर ती चूक. सगळ्यांच्या हातात असेल तर तो नियम. आणि नियम असेल तर तो कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलेला असणार, दुसऱ्या कुणीतरी तो पाळायचा असणार, आणि कधीतरी तो पाळायचा राहून जाणार. मला त्या क्षणापासून ते राहून जाणं बघायचं होतं.

(चार बोटांचं कारण पुढे कळलं. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी एका सेकंदाला १२ चित्रं लागतात. दर हाताला एक बोट कमी काढायचं म्हटलं की केवढे कष्ट वाचतात! शिवाय छोट्या गोल हातावर पाच बोटं केळ्यांच्या घडासारखी दिसतात. १९९२ सालच्या एका भागात होमरच्या, म्हणजे त्या बापाच्या, स्वप्नात देव येतो. त्या देवाच्या हाताला पाच बोटं आहेत. ते बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.)

बोटं मोजायची सवय मला भाऊकाकांनी लावली.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, माझ्या आजीला ते काकी म्हणायचे. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राची गाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला काकांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. नागपंचमीला घरोघरचे पाट तिथे यायचे. पाटाखाली खडूने किंवा तेलरंगाने घराची खूण. पाट आला की त्या घराचा गणपती 'बसला'. मग महिनाभर ओल्या मातीचा वास, पावसाळी हवेत न सुकणाऱ्या मूर्ती, त्यांच्याखाली धुमसत ठेवलेली सोडणांची, नारळाच्या सालांची, शेगडी, आणि शेवटच्या आठवड्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडात चाललेलं रंगकाम. मी आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचे. हात लावायची परवानगी नव्हती. मग एक दिवस काकांनी मला काम दिलं.

"आधी बोटां मोज," ते म्हणाले. "डोळे मगे बघ."

कारण माणूस मूर्तीसमोर आला की डोळ्यांकडे बघतो. डोळे चांगले असले की बाकीचं त्याला दिसेनासं होतं, अगदी घडवणाऱ्यालासुद्धा. चार हातांची वीस बोटं. मोदक धरलेल्या हाताचा अंगठा मोदकाच्या मागे दडलेला असतो, तो नजरेला दिसत नाही, बोट फिरवून चाचपायचा. पाश कुठल्या हातात, अंकुश कुठल्या हातात. दोन्ही कानांतली कुंडलं एकाच रंगाची आहेत ना? शेल्याचा काठ खांद्यावर लाल आणि कमरेशी हिरवा तर झाला नाही ना? मी मोजायचे आणि सांगायचे. एखाद्या वर्षी दोन चुका सापडायच्या, एखाद्या वर्षी एकही नाही.

पण त्या शाळेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे काकांची वही. आमच्याकडे दर वर्षी गणपती नवा आणि तरी तोच. मागच्या वर्षीचा विसर्जनाला गेलेला असतो, बघायला समोर काही नसतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो पुरता आठवत असतो. सोंडेचं वळण बदललं तर चालत नाही. काकांनी प्रत्येक घरासाठी वहीत एक ओळ लिहिली होती. नावं नव्हती, घरांच्या खुणा होत्या. 'सड्यावरचे: दीड हात, लोडाला टेकून, शेलो निळो.' 'देवळाकडचे: उभो, मुकुट उंच, पीतांबर केशरी.' काही ओळींच्या शेजारी पेन्सिलीचं बोटभर चित्र.

अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात ह्या वहीला मॉडेल शीट म्हणतात. एकच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं, रागावलेलं, झोपलेलं, डोकं शरीराच्या किती पट, केसांना टोकं किती. बार्टच्या, म्हणजे मुलाच्या, डोक्यावर नऊ टोकं असतात. दहा नाहीत, आठ नाहीत. होमरच्या कानावरच्या केसांत एम आणि कानात जी लपवलेला आहे, मालिका रचणाऱ्या मॅट ग्रोनिंगच्या नावाची आद्याक्षरं. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला काकांची वहीच आठवली. इतक्या दूरच्या माणसांनीसुद्धा असं लिहून ठेवलं होतं, कारण त्यांनाही माहीत होतं की हे एका हाताने होणार नाही.

तिथेच सगळं आहे, असं मला इतक्या वर्षांच्या बघण्यानंतर वाटतं. नटांच्या सिनेमात चुका का होतात ते समजायला सोपं आहे. टेबलावरच्या पेल्यातलं सरबत एका चित्रणात अर्धं असतं आणि दुसऱ्यात भरलेलं, कारण मधल्या वेळात ते कुणीतरी प्यालं. घड्याळ पुढे गेलं, ऊन सरकलं, केसांची बट सुटली. वस्तू आपणहून बदलतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा लागतो. पण चित्रातलं सरबत कोण पिणार? चित्रात ऊन सरकत नाही. काढलं तेवढंच तिथे असतं. तरीही पेला भरतो आणि रिकामा होतो, गळ्यातली माळ एका चौकटीपुरती नाहीशी होते, मागच्या बाकावरचा माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. हे कसं होतं?

हात बदलतो म्हणून होतं. 'द सिम्पसन्स'चं लेखन, आवाज, स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला आराखडा) आणि मुख्य मांडणी अमेरिकेत होते. मधली चित्रं काढणं आणि रंगवणं सुरुवातीपासून दक्षिण कोरियात, सोलमध्ये. तिथल्या एकॉम ह्या स्टुडिओने पहिल्या वर्षांपासून हे काम केलं. एक भाग साधारण २२ मिनिटांचा, म्हणजे ३१,६८० चौकटी. तो तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. एक तुकडा एकाच्या टेबलावर, पुढचा दुसऱ्याच्या. पहिल्याने पेला टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. दुसऱ्याला मिळालेल्या कागदात पेल्याचा उल्लेखच नव्हता. दोघांनीही आपापलं काम नीट केलं आहे. चूक कुणाच्याच टेबलावर झालेली नाही, ती दोन टेबलांच्या मधल्या वाटेवर झाली आहे.

म्हणून मला कुणी विचारलं की कुठे बघायचं, तर मी सांगते, दृश्य जिथे कापलंय तिथे बघा. कापायच्या आधीची शेवटची चौकट आणि नंतरची पहिली. व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरवर इंग्रजी ई ची कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्याकडे सगळेच बघतात, काढणाऱ्यांनीही तिथेच जास्त बघितलेलं असतं. त्याच्या हातातली वस्तू बघायची. त्याच्या मागची खिडकी. गर्दीतली माणसं. आवाज बंद करून बघितलं तर अधिकच दिसतं, मला तर पावसानेच ते शिकवलं.

जुन्या भागांत, चित्रं पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पानांवर, म्हणजे सेलवर, काढून थरांनी एकावर एक ठेवायची त्या काळात, आणखी एक प्रकारच्या चुका व्हायच्या. माणूस बोलत असताना फक्त तोंड हलतं, अंग स्थिर असतं. म्हणून तोंड वेगळ्या थरावर, हात वेगळ्या थरावर. थरांचा क्रम चुकला की टेबलाच्या पुढे असलेला हात क्षणभर टेबलाच्या मागे जातो. तोंडाचा थर ठेवायचा राहिला की एका चौकटीपुरता माणूस बिनतोंडाचा. धुळीचा कण बसला की तो मोठ्या पडद्यावर माशीएवढा. १९९५ साली एका भागात संगणकावर रंग भरून पाहिला गेला आणि २००२ पासून पुढे सगळंच तसं झालं. धूळ गेली, थरांच्या कडेच्या बारीक सावल्या गेल्या. हातातल्या वस्तू मात्र अजून गायब होतात, कारण त्याला संगणक काय करणार? आठवण ठेवायचं काम माणसांमध्येच वाटलेलं आहे.

आमच्या घरचा गणपती मी अकरा वर्षांची असताना असाच चुकला.

त्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकांना ताप भरला. मूर्ती रंगून झाल्या होत्या, उंदीर तेवढे बसवायचे राहिले होते. उंदीर वेगळे घडवतात आणि शेवटी पाटावर बसवतात. काकांचा मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. वीज नव्हती, काका आत गोधडी घेऊन पडलेले, वही त्यांच्या उशाशी. त्याने बापाला उठवलं नाही. बॅटरीच्या उजेडात, आठवणीने, एकेक करून साठ-पासष्ट उंदीर बसवले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, बोटं मोजली, कुंडलं बघितली, सगळं बरोबर. उंदराकडे मी बघितलंच नाही. ते माझ्या मोजण्यात नव्हतं.

बाबांनी गणपती डोक्यावरून आणला. दारात त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, माटवीखाली, म्हणजे वर टांगलेल्या सजवलेल्या चौकटीखाली, पाट ठेवला. आजी समोर उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उंदीर हयसर कसो बसलो?"

उंदीर गणपतीच्या डाव्या बाजूला होता. आमचा उंदीर उजवीकडे असतो, उजव्या गुडघ्याशी, मोदकाकडे मान वर करून. आता तो डावीकडे होता आणि मान बाहेरच्या बाजूला, अंगणाकडे. बाबा गप्प. आई म्हणाली की उचलून ठेवता येईल का बघू, पण तो पाटाला चिकटवलेला, वर रंगाचा हात दिलेला. काढायला गेलं तर कानच मोडायचा. काका संध्याकाळी तापातच काठी टेकत आले. त्यांनी बघितलं आणि ओटीवरच बसले. मुलाला एका शब्दाने बोलले नाहीत. नंतर मी गणपतीच्या शाळेत गेले तेव्हा मला म्हणाले, "चूक मातयेत असली तर परत मळूची. रंगात असली तर पुसूची. ध्यानात असली तर काय करतलंस?"

त्यांचे हे तीन प्रकार मी पुढे कार्टूनला लावून बघितले आणि ते अजून मोडलेले नाहीत.

रंगातली चूक म्हणजे स्मिदर्स. बर्न्स ह्या म्हाताऱ्या मालकाचा इमानी मदतनीस. २१ जानेवारी १९९० ला दाखवलेल्या 'होमर्स ओडिसी' ह्या भागात त्याची कातडी गडद तपकिरी आहे. पुढे सगळीकडे तो इतरांसारखा पिवळा. त्याचा रंग तसा करायचं कुणाच्या मनात नव्हतं, रंगयोजना ठरवताना एका ठिकाणी चूक झाली आणि पुढच्या सगळ्या हातांनी ती इमानाने उतरवली. ही खरी चूक. मात्र होमरचा मित्र बार्नी, त्याचे केस सुरुवातीला पिवळे आणि नंतर तपकिरी, ही चूक म्हणून अनेक याद्यांत सापडते आणि मला ते पटत नाही. कातडीच्याच रंगाचे केस फक्त सिम्पसन कुटुंबातल्यांचे असावेत असं नंतर ठरलं, म्हणून ते बदलले. हा निर्णय आहे. वहीतली ओळ जाणूनबुजून बदलणं आणि वही न बघणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चुका शोधणाऱ्याने हा फरक केलाच पाहिजे, नाहीतर आपण काम करणाऱ्यांवर अन्याय करतो.

मातीतली चूक म्हणजे 'सम एन्चांटेड इव्हनिंग'. मालिकेचा पहिला म्हणून बनलेला भाग. चित्रं रंगून अमेरिकेत परत आली आणि बघणाऱ्यांचे चेहरे उतरले. दार जोरात आपटलं की ते रबरासारखं लवत होतं. जुन्या विनोदी कार्टूनमध्ये दार लवतं, त्यात काही वावगं नाही. पण इथे घर खरं वाटायला हवं होतं. दार लाकडाचं, भिंत भिंतीची, तरच त्या घरातली भांडणं खरी. हे जग खरं आहे ही गोष्टच काढणाऱ्यांपर्यंत पोचली नव्हती. सुमारे ७० टक्के काम नव्याने करावं लागलं, दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमनने ते करवून घेतलं, आणि मालिका १९८९ च्या शरद ऋतूऐवजी १७ डिसेंबरला एका नाताळच्या भागाने सुरू झाली. पहिला ठरलेला भाग पहिल्या सीझनचा शेवटचा म्हणून १३ मे १९९० ला लागला. परत मळलेली माती. तो भाग बघताना मी आजही दारांकडे बघते.

आणि ध्यानातली चूक. ती सगळ्यात खोल. होमर आणि त्याची बायको मार्ज शाळेत भेटले ते १९७४ साली, असं १९९१ च्या एका भागात दाखवलंय. २००८ च्या भागात हीच दोघं नव्वदच्या दशकात तरुण आहेत. मुलगा गेली साडेतीन दशकं दहा वर्षांचाच आहे, तेव्हा आईबापांचं तारुण्य सरकवावंच लागतं. ते मी समजू शकते. पण २८ सप्टेंबर १९९७ चा 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर' मला अजून गिळता आलेला नाही. इतकी वर्षं ज्याला आपण मुख्याध्यापक स्किनर म्हणून ओळखतो तो तोतया निघतो, खरा स्किनर दुसराच. शेवटी न्यायाधीश हुकूम देतो की ह्या विषयावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअररनेही ह्या भागावर उघड नाराजी सांगितली आहे. दाखवताना एकही चौकट चुकलेली नाही. तरी आठ वर्षं आठवण ठेवणाऱ्यांना सांगितलं गेलं की तुमची आठवण खोटी होती. आमच्या वाडीत कुणी येऊन सांगितलं असतं की एवढी वर्षं तुमच्या घरी आला तो तुमचा गणपतीच नव्हता, तर आजीने त्याला पायरी चढू दिली नसती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला एक भाग चुका शोधणाऱ्यांवरच आहे. त्यात कार्टूनचा एक चाहता जाहीर कार्यक्रमात उठून विचारतो, की अमुक भागात उंदीर मांजराच्या सांगाड्यावर झायलोफोनसारखं वाजवतो, तेव्हा एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा मारतो आणि सूर मात्र दोन वेगळे निघतात, ते कसं? होमर उत्तर देण्याऐवजी त्याचीच टर उडवतो. मला त्या चाहत्याचं वाईट वाटलं. त्याने ऐकलं होतं. बनवणाऱ्याने बरगडी काढली, दुसऱ्याने सूर भरला, दोघांच्या मधली वाट त्या एका मुलाने चालून पाहिली होती. मला वाटतं त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

आमच्याकडे दशावतारात असं उत्तर मिळतं. तिथे लिहिलेले संवाद नसतात, रात्रभराचं आख्यान नट बोलता बोलता रचत जातात. एका जत्रेत मी बघितलं, एका राजाने वनवासाची वर्षं बारा सांगितली आणि पुढच्या प्रवेशात दुसऱ्या नटाने चौदा. पुढच्या रांगेतला म्हातारा तिथूनच ओरडला, "बारा!" नट न थांबता म्हणाला, दोन वर्षं वाट चुकण्यात गेली. झांज वाजली, नाटक पुढे गेलं.

आजीनेही त्या संध्याकाळी असंच काहीतरी केलं. काका ओटीवर मान खाली घालून बसलेले. ती आत गेली, त्यांच्यासाठी पेज घेऊन आली आणि म्हणाली, "असांदे. भायर बघता तर बघांदे. येणाऱ्यांका तोच पयलो दिसतलो." मग आरती झाली. दीड दिवस तो उंदीर अंगणाकडे बघत बसला.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. शाळा त्यांचा मुलगा चालवतो, तोच, बॅटरीच्या उजेडात उंदीर बसवलेला. ह्या वर्षी नागपंचमीला मी गावी होते, आमचा पाट मीच नेला. वहीची पानं सुटायला लागली होती, म्हणून मोबाईलवर फोटो काढून घेऊया म्हटलं. पडवीत बसून मी एकेक पान उलटत गेले. सड्यावरचे, देवळाकडचे, खालची वाडी. काकांचं अक्षर शेवटी शेवटी थरथरलेलं.

आमच्या घराची ओळ मधल्या पानावर होती. 'दीड हात, पीतांबर पिवळो, उंदीर उजवीकडे.' उजवीकडे ह्या शब्दावर एक सरळ रेघ, वर लिहिलेलं 'डावीकडे, भायर बघता', आणि समासात, बारीक अक्षरात, 'काकीन ठेवल्यान'.

मी वर बघितलं. दादा माती मळत होता.

"तुमचो उंदीर डावीकडेच मा?" त्याने मान न वळवता विचारलं.

मी हो म्हटलं आणि त्या पानाचा फोटो काढला.